'अवज्ञा', 'आज्ञाभंग' की 'न ऐकणे'?

शब्दवेडी: पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठीची एक निरीक्षण-पद्धत मराठीत आणतेय, कोल्हापुरातल्या पालकांसाठी. अडलंय 'नॉनकम्प्लायन्स'वर. मोजणी अशी: मोठ्यांनी किती सूचना दिल्या आणि त्यातल्या किती मुलानं पाळायला घेतल्या नाहीत. सुरुवात करायला बहुधा 5 सेकंद धरतात. मी 'अवज्ञा' लिहिलं, तपासनिसांनी 'आज्ञाभंग' केलं. दोन्ही पटत नाहीत.

जुना शिक्षक: 'अवज्ञा' गेलं ते बरं झालं. संस्कृतात अवज्ञा म्हणजे अवहेलना. पोर डबा धुवायला टाकत नाही म्हणजे आईला तुच्छ लेखतं का? हिंदीवाले 'सविनय अवज्ञा' म्हणतात, आपण 1930च्या चळवळीला 'सविनय कायदेभंग'च म्हणतो. 'अननुपालन' घ्या. शास्त्राला शास्त्राचा शब्द हवा.

गंगावेस: सर, ते वाचून आमच्या गल्लीतली एक तरी आई तक्त्यावर खूण करील का? घरोघरी 'पोरगं ऐकंना झालंय' म्हणतात. नाहीतर सरळ 'वांड'.

दुसरीच्या बाई: 'वांड' अजिबात नको! वांड, द्वाड, हेकट हे शब्द पोराला चिकटतात, चौथीपर्यंत सुटत नाहीत. मोजायची आहे ती सूचना आणि तिच्यापुढची कृती. आणि आपल्या सूचना तरी कशा? 'दप्तर काय हितंच ऱ्हाणार व्हय?' हा प्रश्न की हुकूम? म्हणूनच संशोधक स्पष्ट सूचना आणि मोघम सूचना वेगळ्या नोंदवतात. अल्फा आणि बीटा म्हणतात त्यांना. न पाळण्याचेही प्रकार आहेत: कानाआड करणं, साधा नकार, उर्मट विरोध, घासाघीस. सगळ्यांना एकच 'आज्ञाभंग' कसा लावणार?

शब्दवेडी: मग 'न जुमानणे'?

दुसरीच्या बाई: त्यात धाक आला. मूल लगेच मुजोर ठरतं.

जुना शिक्षक: आणि 'न ऐकणे' लिहिलंत तर बहिरेपणाशी घोळ होईल.

गंगावेस: 'आईचं ऐक' म्हटल्यावर कोण कान तपासतं?

दुसरीच्या बाई: तपासावेत. माझ्या वर्गात एक मुलगी हाक मारली तरी ढिम्म हलायची नाही. 'ऐकत नाही' असा शेरा पहिलीपासून तिच्या मागं होता. कान फुटलेला निघाला.

जुना शिक्षक: 'ऐकंना' तरी छापू नका. 'ऐकेना' लिहा.

गंगावेस: 'ऐकेना' इथं कोण म्हणतं? मग 'दप्तर उचल' म्हटल्यावर पोरगी 'उचलतो की' म्हणते, तेसुद्धा 'उचलते' करणार? कोल्हापुरातल्या पोरी 'येतो', 'जातो'च म्हणतात.

जुना शिक्षक: म्हणोत. कागदावर लिंग चुकायला नको.

गंगावेस: चूक कसली? आमच्या आज्ज्या तसंच बोलत आल्यात.

दुसरीच्या बाई: लिंगाचं तुम्ही भांडा, मला त्या 'की'ची काळजी आहे. 'उचलतो की' म्हणणारं पोर जागचं हलत नाही, 5 सेकंद जातात, फुली पडते. जरा वेळानं तेच उठून दप्तर उचलतं. त्याला नकाराच्या रकान्यात टाकू नका, उशिरा पाळलेल्याचा वेगळा रकाना ठेवा.

जुना शिक्षक: ठेवा. पण त्याच्या डोक्यावर 'ऐकंना' नको.