गेम ‘पोर्ट’ करणे : मराठीत काय म्हणाल?

परवा भाच्याने विचारलं, “मावशी, पोर्ट म्हणजे बंदर ना? मग विचर स्विचवर पोर्ट झाला म्हणजे नक्की काय झालं?” उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. गेली काही वर्षं मी हा शब्द रोज वापरते. निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायच्या छोट्या गेम मशीनवर, मोठमोठे बिग बजेट गेम खेळते, अमुक पोर्ट भारी, तमुक पोर्ट भिकार, असं बिनदिक्कत बोलते. पण मराठीत सांगायची वेळ आली तेव्हा ‘म्हणजे… तोच गेम… दुसऱ्या मशीनवर…’ यापुढे गाडी जाईना.

तर प्रश्न असा : ‘पोर्ट’ला मराठी शब्द आहे का, नसेल तर कोणता चालेल? ‘पोर्टच म्हणा की’ हेही उत्तर चालेल, पण कारण सांगा.

प्रतिसाद १

आधी भाच्याचा गैरसमज काढू. इंग्रजीत ‘पोर्ट’ नावाचे तीन वेगळे प्राणी आहेत. बंदर या अर्थाचा लॅटिन ‘पोर्तुस’वरून आला. यूएसबी पोर्टमधला ‘पोर्ता’वरून, म्हणजे दार. आणि सॉफ्टवेअर पोर्ट करणं हे ‘पोर्तारे’वरून, म्हणजे वाहून नेणं. पोर्टेबल, ट्रान्सपोर्ट ही त्याचीच भावंडं. त्यामुळे गेमचा बंदराशी संबंध नाही.

गंमत एवढीच, की स्विच ज्या खाचेत ठेवून टीव्हीला जोडतात ती ‘डॉक’ मात्र खरोखरच बंदरावरची आहे, म्हणजे आपली गोदी. पोर्ट बंदरावरचा नाही आणि डॉक गोदीतला आहे, हे भाच्याला समजावताना जपून.

प्रतिसाद २

‘रूपांतर’ आहे की. एवढं काय अडलं?

धागाकर्ती

रूपांतर मलाही आधी सुचलं होतं. पण मराठीत रूपांतर हा शब्द नाटकांनी अडवून ठेवलाय. परक्या नाटकाचं रूपांतर म्हटलं की पात्रांची नावं बदलणार, गाव बदलणार, रीतिरिवाज आपले होणार. पोर्टमध्ये याच्या नेमकं उलटं होतं. गोष्ट तीच, पात्रं तीच, संवादाचा शब्दन्‌शब्द तोच. जे बदलायचं ते खेळणाऱ्याच्या लक्षात येऊ नये अशीच सगळी धडपड.

आणि ‘पोर्ट’ तसाच ठेवायलाही माझी एक हरकत आहे. मराठी माणसाला हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो मोबाईल नंबरमुळे. ‘मी नंबर पोर्ट केला.’ तिथे कंपनी बदलते, नंबरचा एक आकडाही बदलत नाही. तीच समजूत घेऊन आपण गेमकडे येतो : विचर इथेही आहे, तिथेही आहे, नंबर तोच. मग स्विचवर गवत धूसर दिसलं की वाटतं, आपल्याला गंडवलं.

खरं काय झालेलं असतं ते पाहा. ‘द विचर ३’ मूळ २०१५ चा. स्विचवर आला १५ ऑक्टोबर २०१९ ला, सेबर इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने मूळ निर्माते सीडी प्रोजेक्ट रेड यांच्याबरोबर केलेलं काम. टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी, स्विचमध्ये ४. तिकडे चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचं. हातात धरलेल्या स्विचवर ते फार तर ९६० बाय ५४०, आणि प्रसंग दाटला की त्याहूनही खाली. म्हणजे ठिपके मोजले तर चौथा हिस्सा. तरीही सगळा नकाशा, दोन्ही मोठी विस्तारकथानकं आणि बारीकसारीक पुरवण्या मिळून अख्खा ऐवज ३२ जीबीच्या एका कार्डात, नखाएवढ्या. याला ‘वाहून नेणं’ म्हणायचं? सामान वाहून नेताना कुणी कपाट कापून छोटं करत नाही.

प्रतिसाद ३

मी सॉफ्टवेअरमधला, म्हणून माझं मत ‘भाषांतर’ला. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन दोन्ही एक्स८६ जातीच्या प्रोसेसरवर चालतात. स्विचमधली एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ चिप एआरएम जातीची. यंत्राला कळणारी भाषाच वेगळी. तेव्हा शब्दशः भाषांतर होतं.

पण माझ्याच मताला मीच टाचणी लावतो. ते भाषांतर बहुतेक कंपायलर नावाचा प्रोग्रॅमच करून टाकतो. माणसांचे महिनोन्‌महिने जातात ते दुसऱ्याच कामात : टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली पोताची चित्रं, किती लहान करायची, सावल्या कुठे काढून टाकायच्या, लांबची झाडं किती अंतरावर नाहीशी करायची, पडद्यावर एका वेळी किती माणसं हिंडू द्यायची. आणि हे सगळं करून फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, गळता कामा नयेत. याला भाषांतर म्हणणं म्हणजे टंकलेखनाला लेखन म्हणण्यासारखं.

प्रतिसाद ४

बदली! मोठ्या ऑफिसातून छोट्या ऑफिसात बदली झाली, खुर्ची लहान मिळाली, काम तेवढंच.

(गंभीर होऊन : मला मुळात हे आकर्षणच कळत नाही. घरात टीव्ही असताना तोच गेम सहा इंचांवर धूसर का बघायचा? शब्द नंतर शोधू, आधी कुणीतरी हे सांगा.)

प्रतिसाद ५

वरच्यांना सांगतो, कारण मी दोन्हीकडे खेळलोय.

टीव्हीसमोर बसलो की गेम ‘लावावा’ लागतो. घरातल्यांची मालिका संपेपर्यंत थांबा, खुर्ची ओढा, निदान तासभर मोकळा आहे याची खात्री करा. स्विच उशाशी असतो. रात्री दिवा घालवल्यावर हेडफोन लावून वीस मिनिटं. घोडा एका पुलाच्या मधोमध असतो, झोप येते, पॉवरचं बटण दाबलं की सगळं जिथल्या तिथे थांबतं. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं की घोडा त्याच पुलावर, त्याच पावसात. शंभर तासांचा गेम असा वीस-वीस मिनिटांनी संपतो, आणि ज्यांच्याकडे सलग वेळ नाही त्यांना तो एरवी संपतच नाही. फेब्रुवारी २०२० च्या अपडेटनंतर तर संगणकावरचा सेव्ह, म्हणजे जतन केलेला खेळ, स्विचवर उचलता यायला लागला. संध्याकाळी टेबलावर, रात्री अंथरुणात, गोष्ट एकच.

दुसरं कारण थोडं चावट आहे. ‘हे इथे चालूच कसं शकतं?’ याची मजा. जत्रेत बाटलीत बसवलेलं जहाज बघतो तशी. जहाज काही खास नसतं, ते बाटलीच्या तोंडातून आत गेलं कसं, हे बघायला माणूस वाकतो. म्हणूनच या गेमांना इंग्रजीत ‘अशक्य पोर्ट’ म्हणतात, आणि चाहत्यांनी स्विचवरच्या विचरचं बारसं ‘स्विचर’ असं केलं.

तोटेही सांगतो. अक्षरं. टीव्हीसाठी आखलेली अक्षरं ६.२ इंचांच्या पडद्यावर मुंगीएवढी होतात. यादीतल्या औषधाचं नाव वाचायला मी स्विच नाकाशी नेतो, तेव्हा बायको हसते.

प्रतिसाद ६

बाटलीत ‘बसवलेलं’ जहाज. अहो, शब्द तुम्हीच दिलात आणि पुढे निघून गेलात.

बसवणे. मी हौशी नाटकवाली, आमच्यात नाटक ‘बसवतात’. संहिता तीच, पण फिरता रंगमंच असलेल्या मोठ्या थिएटरचं नाटक शाळेच्या सभागृहात करायचं झालं की ते नव्याने बसवावं लागतं. दोन दारं एकाच दारात भागवायची. जिना नाही, मग पायऱ्यांवरचं भांडण सपाटीवर आणायचं. प्रवेश बदलायला वेळ लागतो म्हणून मध्ये अंधार. गाण्यातही तेच : शब्द चालीवर बसवतात. अंगठीत खडा बसवतात. तिन्हीकडे एक ठरलेली जागा असते आणि तिच्यात न मावणारी वस्तू असते.

मध्ये अंधार म्हटलं त्यावरून आठवलं. ‘हॉगवॉर्ट्‌स लेगसी’ मोठ्या मशीनवर खेळताना हॉग्समीड गावात आपण चालत चालत शिरतो. स्विचवर, नोव्हेंबर २०२३ ची आवृत्ती, वेशीपाशी लोडिंगचा पडदा येतो आणि मग गाव. हा आमचा प्रवेश बदलतानाचा अंधारच!

धागाकर्ती

ताई, साष्टांग नमस्कार. ‘डूम स्विचवर बसवला.’ वाक्य तोंडात लगेच रुळतं. आणि यात मूळ कारागीर कोण आणि बसवणारा कोण, हा फरकही आपोआप येतो. डूम हा गोळीबाराचा गेम मूळ आयडी सॉफ्टवेअरचा, २०१६ चा. स्विचवर बसवला पॅनिक बटण या स्टुडिओने, १० नोव्हेंबर २०१७ ला. इतर मशीनवर सेकंदाला ६० फ्रेम, इथे ३०. खेळाडूंनी स्वतःचे नकाशे बनवायची स्नॅपमॅप नावाची सोय पूर्ण काढली. पण गोळीबाराची लय शाबूत राहिली, आणि डूममध्ये लयच गेली तर उरतं काय? काय कापायचं हे ज्याला कळलं त्याने चांगला बसवला. ‘पोर्ट चांगला झालाय’ या वाक्यात ही शाबासकी ऐकूच येत नाही.

शब्द नवा असला तरी कसब जुनं आहे. १९९९ साली ‘रेसिडेंट ईव्हिल २’ निन्टेन्डो ६४ वर आणला तेव्हा दोन सीड्यांवरचा गेम, व्हिडिओ-आवाजासकट, ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये कोंबला होता. तो एंजल स्टुडिओजने बसवला. असं वाक्य लिहिताना आता छान वाटतंय.

प्रतिसाद ७

एक मोठी अडचण. मराठीत आवाज बसतो, धंदा बसतो, भिंत बसते. ‘तो गेम स्विचवर बसला’ म्हटलं तर मी ‘आपटला’ असंच समजेन.

प्रतिसाद ८

मग बरंच की. काही गेम दोन्ही अर्थांनी बसतात. चांगला पोर्ट असेल तर ‘बसवला’, वाईट असेल तर ‘बसला’. एक ‘व’ पुरे.

प्रतिसाद ९

क्लाउड व्हर्जनचं काय करणार? २०२० मध्ये ‘कंट्रोल’ स्विचवर आला तो तसाच. गेम चालतो दूरच्या सर्व्हरवर, आपल्याला नुसतं त्याचं चित्र दिसतं. याला बसवणं म्हणता येणार नाही. बसवलंच नाहीये काही, खिडकी उघडून दिलीये. इंटरनेट गचकलं की खिडकी बंद.

आणि माझा एक जुना राग आहे, तो इथेच ओततो. एका गेमचा डबा हौसेने मागवला. डबा उघडला, कार्डाच्या खाचेत कार्ड नाही, एक कागदाचा कपटा आणि त्यावर कोड. स्विचची स्वतःची साठवण ३२ जीबी, तीही निम्मी भरलेली. आधीचे दोन गेम उडवले, रात्रभर डाउनलोड लावला, सकाळी ‘जागा अपुरी’. त्या डब्याला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

स्विच २ वर, म्हणजे स्विचच्या पुढच्या मशीनवर, ‘गेम-की कार्ड’ निघालीत. कार्ड आहे पण आत गेम नाही, गेम उतरवून घ्यायचा आणि खेळताना कार्ड लावायचं. त्यांना सरळ ‘किल्ली’ म्हणावं. ‘कार्ड आहे की किल्ली?’ एवढं विचारलं की खरेदीच्या आधीच उलगडा.

प्रतिसाद ५

किल्ली झकास. आणि न्यायाचं बोलायचं तर ‘सायबरपंक २०७७’ स्विच २ वर अख्खा कार्डात आहे, ६४ जीबीच्या. तो त्या मशीनबरोबरच आला, ५ जून २०२५ ला. हाच गेम डिसेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ वर इतका रखडत होता, की सोनीने तो आपल्या दुकानातून काही महिने काढून टाकला होता. साडेचार वर्षांनी हातात मावणाऱ्या मशीनवर तो बरा चालतो. मशीन ताकदवान झालं हे खरंच, १२ जीबी मेमरी आहे, शिवाय कमी ठिपक्यांचं चित्र फुगवून नीटस करणारं डीएलएसएस आहे. पण मधल्या काळात गेमही दुरुस्त होत गेला. इथे कोण कुणावर बसलं हे सांगणं अवघड आहे.

एक कबुली : स्विच २ वर ‘हे चालूच कसं शकतं’ची मजा मला कमी वाटते. बाटलीचं तोंड रुंद झालं.

प्रतिसाद २

रूपांतर मागे घेतो. पण नाम काय करणार? क्रियापद झालं, ‘हा पोर्ट कसा आहे’ मधल्या पोर्टला काय? ‘बसवणूक’?

प्रतिसाद ४

‘फसवणूक’शी यमक जुळतंय, सांभाळून.

धागाकर्ती

नाम नकोच. नामासाठी ‘पोर्ट’ राहू दे, सगळ्यांना कळतो. क्रियापद तेवढं आपलं वापरू : पोर्ट चांगला बसवलाय, नीट बसलेला नाही, बसवताना काय काय गाळलं.

काल रात्री प्रयोग करून पाहिला. भाच्याला निरोप पाठवला, “विचर स्विचवर फार सुंदर बसवलाय.” दोन मिनिटांत उत्तर :

“मावशी, स्विच डॉकवर बसवतात. विचर कशावर बसवलास?”