माळकरी मुलगी की मनात भरलेली?

कोपरखैरणेकर: वय 29. चौदाव्या वर्षी आळंदीला माळ घातली. महिन्याच्या दोन्ही एकादशा, कार्तिकीला आळंदी, घरात मांस-मच्छी नाही. सध्या दोन मुली पाहिल्यात. ऐरोलीची माळकरी, हरिपाठ तोंडपाठ. पण खरं सांगतो, पाहून मनात काही हललं नाही. दुसरी ठाण्याची. तलावपाळीला भेटलो, दोन तास कसे गेले कळलं नाही. पण बुधवार, शुक्रवार, रविवार तिला मासळी लागते. माझं मत, रूप चार दिवसांचं. ऐरोलीला होकार कळवणार आहे. चुकतोय का?

घणसोलीची सून: अजिबात नाही. आमचं आगरी घर, सासरे माळकरी, बाकी सगळे मच्छीवाले. त्यांचा तवा, पातेली वरच्या फळीवर वेगळी. बोंबील तळायचे तर आधी त्यांचं ताट वाढून मोकळं व्हायचं, मग कढई गॅसवर. आषाढात पाहुणे आले की दोन-दोन स्वयंपाक. आधी सासूबाईंनी केलं, आता मी करते. तुमची माळ गळ्यात तुमच्या असते दादा, पण सांभाळते बाई. जिला स्वतःलाच ती हवी आहे तिच्याशीच करा.

कोपरी पूर्व: दोन तास गप्पा रंगल्या त्याला तू 'रूप' म्हणतोस? कमाल आहे. आणि ऐरोलीच्या मुलीचं काय? माळ बघून केली, हे तिला कधीतरी कळणारच. बायकांना कळतं.

टाळकरी: एवढा विचार कशाला? तुकोबा विठ्ठलात, आवली संसारात. झालाच ना संसार?

घणसोलीची सून: झाला, पण कुणाच्या जिवावर? उलटी बाजूही बघा. 17व्या शतकातल्या संत बहिणाबाई, शिऊरच्या. त्यांनी तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याने मारहाण केली. स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलंय त्यांनी.

मासुंदाकाठ: माझा नवरा कॅथलिक. 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली, 30 दिवसांची नोटीस लावून लग्न केलं. तलावाशीच त्याचं चर्च, तिथेच माझं कोपिनेश्वर. रविवारी तो प्रार्थनेला, मी बाहेर भेळ खात. आमची भांडणं गीझर चालू राहिला यावरून होतात, देवावरून अजून एकही नाही.

टाळकरी: तुमचं नशीब. दहापैकी एकाचं जमतं.

कोपरी पूर्व: हे दहा कुणी मोजले? बरं, धागाकर्ते, एक विचारायचं राहिलं. ऐरोलीच्या मुलीला तू आवडलास का?

कोपरखैरणेकर: ते विचारलंच नाही. आई, मामा, तिचे वडील, सगळे पुढच्या दिंडीचं बोलत होते. ती चहाचे कप गोळा करून आत गेली. रविवारी परत जातोय, या वेळी एकटा.