शब्दचर्चा: 'परमिशन', 'पाथ' आणि फाईल ठेवण्याचे इतर शब्द

निळी शाई
एका पतसंस्थेच्या वेब ॲप्लिकेशनचे मराठी संदेश नीट करून द्यायचं काम अंगावर आलंय. सभासदांची केवायसीची कागदपत्रं, मालमत्तापत्रकं, हप्त्यांच्या पावत्या असं सगळं स्कॅन करून चढवलं जातं. फाईल जतन झाली नाही की पडद्यावर 'परवानगी नाकारली' असं येतं. हे आधीच्या कुणीतरी केलेलं भाषांतर. ते वाचून काउंटरवरचे लिपिक रीतसर अर्ज घेऊन सचिवांकडे गेले. सचिवांनीही अर्जावर 'परवानगी देण्यात येत आहे' असा शेरा मारून सही केली. फाईल अर्थातच तिथल्या तिथे.
तर 'परमिशन'ला दुसरा शब्द काय सुचवाल? आणि 'पाथ'ला, म्हणजे फाईल कुठल्या कुठल्या फोल्डरांतून गेल्यावर सापडते ते सांगणाऱ्या ओळीला? 'फाईल' तशीच ठेवू की 'संचिका' करू?

खिडकीवाला
फाईल ती फाईलच. परमिशन ती परमिशनच. सगळ्यांना कळतं.

निळी शाई
कळत असतं तर अर्ज लिहिला असता का?

जुनी नस्ती
'फाईल'पुरतं बोलते. मंत्रालयात 'नस्ती' चालतं, काही खात्यांत 'धारिका', मराठी विकिपीडियावर 'संचिका चढवा'. पण नस्ती म्हणजे दोरीनं बांधलेला गठ्ठा, ज्यात कागद वाढत जातात आणि एक दिवस ती नस्तीबंद होते. स्कॅन केलेलं एक पीडीएफ म्हणजे नस्ती नव्हे. फाईल ठेवा. 'सेव्ह'ला मात्र 'जतन' छान रुळलाय. बोलताना आपण 'सेव्ह मार' म्हणतो ते सोडा.

सातबारा
'परवानगी' इथे का फसते ते सांगतो. परवानगी माणसाकडे मागायची असते, त्या वेळेपुरती, आणि मागितल्यावर कुणीतरी ती देतो किंवा देत नाही. मांडव घालायची परवानगी, रजेवर जायची परवानगी. फाईलीच्या बाबतीत कुणी कुणाला विचारत नाही. हक्क आधीच नोंदवलेला असतो आणि यंत्र फक्त नोंद बघतं. युनिक्स-लिनक्स या संगणक प्रणालींमध्ये प्रत्येक फाईलीला एक मालक आणि एक गट असतो, उरलेले सगळे 'इतर'. तिघांच्या नावापुढे तीन-तीन हक्क: वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. बेरीज करून आकडा येतो. ६४४ म्हणजे मालक वाचू-लिहू शकतो, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. हे सरळसरळ सातबाऱ्यासारखं आहे: भोगवटादाराचं नाव, इतर अधिकारांचा रकाना. म्हणून माझं मत 'अधिकार' किंवा 'हक्क'.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हक्क नाही, तो कुणाला? लिपिकाला नव्हे. लिपिकानं लॉगिन केलं, बटण दाबलं, पण डिस्कवर फाईल लिहायला जातो तो वेब सर्व्हर, आणि त्याचं तिथे वेगळंच खातं असतं. उबुंटू-डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर अपाचे हा वेब सर्व्हर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावानं वावरतो, रेड हॅटच्या कुळात 'अपाचे' याच नावानं. फोल्डर तयार केला असतो सर्व्हर सांभाळणाऱ्यानं स्वतःच्या खात्यातून, ७५५ अधिकारांनी. म्हणजे लिहायचा हक्क त्या एकट्याला, वेब सर्व्हर 'इतरां'त. त्यामुळे संदेशात कर्ता आलाच पाहिजे: 'सर्व्हरला या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार नाही.' एवढं लिहिलं की सचिवांची सही वाचते.

आता फोल्डरवरचा तो १. फाईलीवर त्याचा अर्थ 'चालवणे', पण फोल्डर कुणी चालवत नाही. फोल्डरवर १ म्हणजे त्यातून पलीकडे जायचा हक्क. याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे: वहिवाट. शेत तुमच्या नावावर आहे, पण तिथे पोचायची वाट दुसऱ्याच्या बांधावरून जाते आणि त्यानं ती अडवली, तर सातबारा घेऊन काय करणार? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये बांधावरच्या रस्त्यासाठी वेगळं कलम आहे, १४३. फाईलीचं तेच. सगळ्यात आतल्या फोल्डरला हवे ते अधिकार द्या, पण वरच्या कुठल्याही एका फोल्डरवर वहिवाट नसेल तर सर्व्हर आत पोचतच नाही.

हे उबुंटूवर हमखास दिसतं. २१.०४ या आवृत्तीपासून प्रत्येकाचं होम फोल्डर आपोआप ७५० होतं, म्हणजे 'इतरां'ना शून्य. कुणी ॲप्लिकेशन स्वतःच्या होममध्येच टाकलं, आतला 'अपलोड्स' फोल्डर सर्व्हरच्या नावावरही केला, तरी मिळतं काय, तर ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही'. माणूस अपलोड्सचेच अधिकार वाढवत बसतो, आणि अडलेलं असतं तीन फोल्डर वर.

खिडकीवाला
आणि मग शेवटी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, मारून मोकळा होतो.

सातबारा
हो, आणि वरचं फोल्डर अडलेलं असेल तर त्या ७७७ नंसुद्धा काम होत नाही. मग रागारागानं वरपासून खालपर्यंत सगळंच ७७७.

कळफलक
७७७ ला आमच्याकडे 'मोकाट सोडणे' म्हणतात. त्या सर्व्हरवरच्या कुठल्याही खात्याला तिथे लिहिता येतं, पुसता येतं. अपलोडचा फोल्डर वेबवरून उघडा असेल आणि पीएचपी या भाषेतले प्रोग्राम तिथे चालत असतील, तर कुणी 'पावती.पीएचपी' चढवली की पुढचं सांगायला नको. (हा धोका ७७७ शिवायही असतो. सर्व्हरला तिथे लिहिता येतं आणि तोच तिथलं चालवतो, एवढं पुरतं.) उपाय साधा आहे: फोल्डर सर्व्हरच्या मालकीचा करा, अधिकार ७५० किंवा ७५५ ठेवा आणि तो वेबवरून थेट दिसणाऱ्या भागाच्या बाहेर न्या. रेड हॅट कुळात असाल तर एसईलिनक्स या जादा पहारेकऱ्याचं लेबलही बघा, आकडे बरोबर असूनही तो अडवतो.

'वहिवाट' मला पटलं. अजून एक भर: 'पुसण्याचा अधिकार' असा वेगळा हक्क या तिघांत नाहीच. फाईल पुसणं म्हणजे फोल्डरमधली तिची नोंद काढणं. म्हणून फाईल ४४४ केली तरी, फोल्डरवर लिहायचा आणि वहिवाटीचा हक्क असलेला ती उडवू शकतो. 'ही फाईल फक्त वाचण्यासाठी आहे' असं वाचून लोक निर्धास्त होतात, तर तसं होऊ नये.

निळी शाई
हे आवडलं. आता 'पाथ'. शासकीय मराठीत 'पथ' आणि 'मार्ग' दोन्ही दिसतात. रिलेटिव्हला 'सापेक्ष', ॲब्सोल्यूटला 'निरपेक्ष'. बरोबर?

जुनी नस्ती
'निरपेक्ष मार्ग' वाचलं की मला गीताप्रवचन ऐकल्यासारखं वाटतं. 'पूर्ण मार्ग' म्हणा की.

सातबारा
'पूर्ण मार्ग'ला माझं अनुमोदन. 'सापेक्ष' मात्र राहू द्या, कारण तो शब्द लगेच प्रश्न विचारायला लावतो: कशाच्या सापेक्ष? सगळा घोळ तिथेच आहे. प्रोग्राममध्ये नुसतं 'अपलोड्स/पावती.पीडीएफ' लिहिलं, तर ते प्रोग्रामच्या फाईलीपासून मोजलं जातं असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. तो प्रोग्राम त्या घडीला ज्या फोल्डरमध्ये उभा असेल तिथून मोजलं जातं. ब्राउझरमधून चाललं तर एक जागा, रात्री क्रॉननं (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीनं) चालवलं तर दुसरी, बहुधा त्या खात्याचं होम. मग 'फाईल जतन झाली' असा संदेश खरा असतो, फाईलही असते, फक्त भलतीकडे पडलेली. पीएचपीत त्यासाठी 'डीआयआर' हा दोन-दोन अधोरेखांमधला स्थिरांक आहे, ५.३ पासून. तो प्रोग्रामच्या फाईलीचा फोल्डर देतो, तिथून पूर्ण मार्ग बांधायचा.

कळफलक
'फाईल कुठे पडतेय?' हे आमच्या ऑफिसातलं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असावं. जतन होते ती ठेवली जाते, चुकीच्या जागी जाते ती पडते. कोशात असो नसो, हा फरक सगळे पाळतात.

आणि वेबवर दोन वेगळ्या गोष्टींना आपण 'पाथ'च म्हणतो. ब्राउझरमध्ये तिरक्या रेघेनं सुरू होतो तो साइटच्या मुळापासून मोजतात, डिस्कवर त्याच तिरक्या रेघेनं सुरू होतो तो अख्ख्या डिस्कच्या मुळापासून. नवीन पोरं पहिला उचलून दुसऱ्याच्या जागी डकवतात आणि 'अशी फाईल किंवा फोल्डर नाही' खातात. मी शिकवताना पहिल्याला 'पत्ता' म्हणतो, दुसऱ्याला 'मार्ग'.

खिडकीवाला
मुळाचं निघालंच आहे तर: 'रूट' म्हणजे नक्की काय? डिस्कचं मूळ फोल्डर रूट, सर्वाधिकारी खातं रूट, वेबसाइटचं मूळ फोल्डर रूट, आणि लाराव्हेल या पीएचपीच्या चौकटीत पत्ता कुठल्या कोडकडे जावा ते ठरवणारा तोही रूट. देवनागरीत चारही एकच. परवा एकानं 'रूट चुकलाय' असा निरोप ठेवला, अर्धी सकाळ त्यातच गेली.

निळी शाई
'राईट'ची तीच गत. 'राईट राइट्स आहेत का?' 'हो, राईट आहेत.' लिहिण्याचे की बरोबर?

जुनी नस्ती
म्हणजे लिप्यंतर करून सगळ्यांना कळतं हे वरचं म्हणणं निकालात निघालं. मूळ फोल्डर, मुख्य खातं, साइटचं मूळ, वळण. चार वस्तू, चार शब्द.

खिडकीवाला
'वळण' मी तरी म्हणणार नाही. बाकी मान्य.

कळफलक
एक शब्द राहिलाय. फाईलीच्या नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून वरच्या फोल्डरमध्ये चढत जायचं, याला 'पाथ ट्रॅव्हर्सल' म्हणतात. मी 'घुसखोरी' म्हणतो. अपाचेच्या २.४.४९ आवृत्तीत २०२१ साली असंच भोक निघालं होतं, २.४.५० मधली दुरुस्ती अपुरी पडली आणि २.४.५१ काढावी लागली. एवढ्या मुरलेल्या सर्व्हरचं हे झालं, म्हणजे वापरणाऱ्यानं दिलेलं नाव जसंच्या तसं मार्गात जोडायचं नाही.

निळी शाई
पण सभासद नावं मराठीत देतात. ती बदलली तर लोक विचारतात, माझी फाईल कुठे गेली?

सातबारा
नाव डेटाबेसमध्ये जसंच्या तसं ठेवा आणि दाखवा, डिस्कवर मात्र आपण तयार केलेला क्रमांक. मराठी नावांच्या बाबतीत तर हे करावंच लागतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ या डिस्कवरच्या रचनेत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. 'मालमत्तापत्रक' दिसायला सात अक्षरं, पण चिन्हं १३, बाइट ३९. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हांत कारभार. 'कै. वडिलांच्या नावे असलेल्या घराचे...' असं सुरू होणारं नाव त्यात मावायचं नाही.

त्याहून छळणारा आहे आपला अर्धा ऱ. 'दुसऱ्या हप्त्याची पावती' हे नाव घ्या. त्यातला 'ऱ्या' काही कळफलक नुक्तावाला ऱ घेऊन लिहितात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. शिवाय २०१७ पूर्वीच्या मॅकवरची एचएफएस प्लस ही रचना नुक्तावाला ऱ फोडून र आणि नुक्ता असा ठेवायची. झाले तीन. शोधलं तर 'फाईल सापडली नाही' आणि समोर तर दिसतेय. युनिकोडचं एनएफसी (फोडलेली चिन्हं जोडणारं) रूप करून घेतलं की फोडलेला ऱ परत जुळतो, पण जोडचिन्हवाला तसाच वेगळा राहतो, तो हातानं बदलावा लागतो.

जुनी नस्ती
अर्धा ऱ मराठीची शान आहे, त्याला छळणारा म्हणू नका.

निळी शाई
तर मी असं करतेय:
'सर्व्हरला या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार नाही. तांत्रिक विभागाला कळवा.'
'फोल्डरपर्यंत वहिवाट नाही' हे फक्त तांत्रिक नोंदवहीत, लिपिकांना दिसणार नाही.
'दिलेल्या मार्गावर फोल्डर सापडला नाही.'
'फाईलचे नाव फार मोठे आहे' हे काढूनच टाकतेय, डिस्कवर क्रमांक गेल्यावर त्याची गरज नाही.

सातबारा
पहिल्यात 'तांत्रिक विभागाला कळवा' आधी घ्या. लोक पहिलंच वाक्य वाचतात.

खिडकीवाला
आणि 'अर्ज करू नये' असं कंसात.