साथीच्या काळात एकट्यानं डिस्ने वर्ल्ड : फेब्रुवारी २०२१ साठी सल्ला हवाय

निवांतराव

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला एकट्यानं जायचं घाटतंय. विमानानं जाणार, डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार. तारखांची तिकिटं आणि पार्क पास (कोणत्या दिवशी कोणत्या पार्कात जायचं त्याचं आरक्षण) दोन्ही हातात आहेत. पार्क जुलैत उघडल्यापासून नियम इतक्यांदा बदललेत की जुने धागे वाचून डोकं गरगरायला लागलं. म्हणून आजच्या घडीचं विचारतो.

१. सिंगल रायडरची रांग चालू आहे का? एकट्यानं जाण्यातला निम्मा फायदा तिथंच असायचा.
२. सकाळपासून रात्रीपर्यंत मास्क. कोणता चालतो, किती न्यावेत? चष्मा आहे.
३. हॉलिवुड स्टुडिओज पार्कातल्या 'राइज ऑफ द रेझिस्टन्स' या राइडला अॅपवरून नंबर लावावा लागतो. तो एकाच फोनवरून कसा लावायचा?
४. तिथंच आजारी पडलो तर पुढं काय?

"जाऊच नका" हा सल्ला घरून भरपूर मिळालाय. कारणांसकट देणार असाल तरच द्या.

रांगशास्त्री

सिंगल रायडर बंद आहे. एक्सपिडिशन एव्हरेस्ट, टेस्ट ट्रॅक, रॉक अँड रोलर कोस्टर, स्मगलर्स रन, चारही ठिकाणी. कारण साधं आहे. ती रांग असते अनोळखी माणसाशेजारची रिकामी खुर्ची भरायला, आणि सध्या अनोळखी माणसाशेजारी कुणाला बसवतच नाहीत. समजा दहा ओळींची गाडी आहे, ओळीत दोन जागा. एक ओळ सोडून एक भरली की पाच ओळी उरतात. त्यातल्या एका ओळीत तुम्ही एकटे बसलात की शेजारची जागा रिकामीच जाते. म्हणजे पूर्वी एकटा माणूस पार्कची क्षमता वाढवायचा, आता कमी करतो. तुमच्या बाजूनं पाहिलं तर ओळ अख्खी तुमची. काही राइड्समध्ये प्लेक्सिग्लासचे पडदे लावून मधल्या ओळी पुन्हा भरायला लागलेत, तरी पडद्याच्या अलीकडे तुम्ही एकटेच.

फास्टपासही (आधी वेळ ठरवून वेगळ्या छोट्या रांगेनं जायची सोय) बंद आहे, म्हणजे सगळे एकाच रांगेत. आणि इथंच नवा माणूस घाबरतो. रांग राइडच्या दारातून बाहेर येऊन पार रस्त्यावर, दुकानांच्या कडेनं वळसे घेत गेलेली दिसते. लांबीवर जाऊ नका. जमिनीवर ६ फुटांवर खुणा आहेत आणि एका खुणेवर एक कुटुंब उभं असतं. २०० मीटरच्या रांगेत साधारण शंभर कुटुंबं, सरासरी तीन धरली तर तीनशे माणसं. राइड ताशी पाचशे जणांना नेत असेल तर पस्तीस-छत्तीस मिनिटं. फास्टपासची दुसरी रांग मध्ये घुसत नाही, त्यामुळे रांग थांबत नाही, सरकत राहते. डिस्नेच्या अॅपवरचा थांबायच्या वेळेचा आकडा बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा जास्तच असतो. गर्दी किती आहे म्हणाल, तर डिस्नेनं नोव्हेंबरमध्येच सांगितलंय की क्षमतेची मर्यादा २५ वरून ३५ टक्क्यांवर नेली.

एकट्याला नडतं ते वेगळंच. रांगेत तुमची जागा धरायला कोणी नाही. तहान, लघवी, फोन चार्जिंग, सगळं रांगेत शिरायच्या आधी उरका. रांगेत घोट घोट पाणी पीत उभं राहणं चालत नाही, मास्क काढायचा तर एका जागी थांबून, इतरांपासून लांब. तासाभराच्या रांगेतून मध्येच बाहेर पडलात तर परत शेपटाला.

रांग निवडताना लांबीपेक्षा छप्पर आणि भिंती बघा. स्लिंकी डॉग डॅशची रांग उघड्यावर आहे. किलिमांजारो सफारीची गाडी चारी बाजूंनी मोकळी. उलट फ्लाइट ऑफ पॅसेजच्या रांगेचा मोठा भाग बंदिस्त आहे. ती पार्क उघडताच करा, नाहीतर शेवटच्या तासात. हाँटेड मॅन्शनची ती लांब होत जाणारी खोली सध्या नुसती चालत ओलांडायची. माणसं कोंबून दाखवायचे सुरुवातीचे खेळ बहुतेक ठिकाणी वगळलेत. शोभेची दारू आणि मोठ्या मिरवणुकाही बंद आहेत. त्यांच्याऐवजी दिवसभरात अधूनमधून दोन-चार रथांच्या छोट्या मिरवणुका निघतात. वेळ आधी जाहीर करत नाहीत, म्हणजे लोक तासभर आधी फुटपाथ अडवून बसत नाहीत. ही पद्धत कायमची राहिली तरी माझी हरकत नाही.

चष्मिष

मास्कबद्दल. डिस्नेचा नियम : निदान दोन थरांचा, नाक-तोंड-हनुवटी झाकणारा, कानात अडकवायचा किंवा मागं बांधायचा. गळ्यातून वर ओढायची नळी, रुमाल, जाळीचा मास्क आणि व्हॉल्व्हवाला मास्क चालत नाही. फेस शील्ड मास्कच्या जोडीला चालेल, त्याच्याऐवजी नाही. व्हॉल्व्ह नसलेला केएन९५ नियमात बसतो आणि कापडी मास्कपेक्षा चेहऱ्याला नीट चिकटतो.

दिवसाला तीन धरा. फ्लोरिडात फेब्रुवारीतही दुपारी घाम येतो, शिवाय वॉटर राइड्स आहेतच. ओला मास्क श्वासागणिक आत ओढला जातो, मग माणूस बोटानं तो पुढं ओढत बसतो आणि कडेची फट वाढते. वापरलेले कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ते दमटच राहतात.

चष्म्यावर वाफ येते म्हणजे हवा वरून निसटतेय. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीनं दाबू नका, मध्ये टोकदार घडी पडून दोन्ही बाजूंना बोगदे होतात. दोन्ही हातांची बोटं नाकाच्या दांड्यावर ठेवून बाहेरच्या बाजूला, गालांपर्यंत दाबत न्या. चष्मा त्यानंतर, मास्कच्या कडेवर बसेल असा. जोरात श्वास सोडून बघा. तरीही वाफ आली तर वरच्या कडेला त्वचेवर चालणारी कागदी चिकटपट्टी लावा.

वेगवान कोस्टरवर कानाचे लूप निसटतात. डोक्यामागून दोन्ही लूप जोडणारी पट्टी मिळते, ती लावा. मास्क खाली असेल तर राइडमधला फोटो तुम्हाला देत नाहीत, ही वेगळी शिक्षा. जपानमध्ये तर २०२० मध्ये पार्कवाल्यांनी कोस्टरवर ओरडूच नका म्हणून सूचना काढली होती आणि फुजी-क्यू हायलँडनं "मनातल्या मनात किंचाळा" असं सांगितलं. ऑर्लँडोत ओरडायला बंदी नाही, पण कडा पक्क्या बसवा आणि मग ओरडा.

मास्क काढून बसायला पार्कात ठरवून दिलेल्या 'रिलॅक्सेशन स्टेशन' जागा आहेत. नकाशावर सकाळीच शोधून ठेवा.

प्रवेशद्वारावर ताप मोजतात, मर्यादा १००.४ फॅरनहाइट. उन्हातून भराभर चालत गेलात तर कपाळ तापलेलं असतं आणि आकडा खोटा चढतो. घाबरू नका, थोडं सावलीत थांबवून पुन्हा मोजतात. नव्या सुरक्षा स्कॅनरमधून बॅग खांद्यावर ठेवूनच चालायचं, फक्त छत्री आणि चष्म्याची पेटी हातात पुढं धरा. त्या दोन वस्तूंनी यंत्र हमखास वाजतं.

काडेचिराईत

चौथ्या प्रश्नाला बाकीच्यांनी हात लावलेला दिसत नाही, आणि एकट्यानं जाणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

आधी धोका कुठं ते. सीडीसीच्या (अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था) व्याख्येनुसार निकट संपर्क म्हणजे बाधित माणसाच्या ६ फुटांच्या आत, २४ तासांत सगळे तुकडे मिळून १५ मिनिटं. राइड तीन मिनिटांची. बंदिस्त रांगेत तुमच्या पुढचं आणि मागचं कुटुंब मात्र चाळीस मिनिटं तेच असतं. मागचे लोक खूण ओलांडून पुढं येत असतील तर वाद घालत बसू नका, बाजूला होऊन त्यांना पुढं जाऊ द्या. एका नंबरानं काही बिघडत नाही. त्याहून धोक्याचं म्हणजे हॉटेलात आत बसून जेवणं, कारण तिथं सगळ्यांचेच मास्क उतरलेले असतात. बाहेरचं टेबल घ्या आणि ११ किंवा ३ वाजता जेवा. सॅनिटायझर ६० टक्क्यांवर अल्कोहोलचं असू द्या, पण सगळी भिस्त त्यावर नको. हवा जास्त महत्त्वाची.

जायच्या १ ते ३ दिवस आधी चाचणी. परतल्यावर ३ ते ५ दिवसांनी पुन्हा, आणि ती निगेटिव्ह आली तरी पूर्ण ७ दिवस घरी. चाचणी करणार नसाल तर १० दिवस. म्हणजे चार दिवसांच्या सहलीला सुट्टी जवळपास दोन आठवड्यांची लागते. ती मिळणार नसेल तर "जाऊ नका"चं हे एक सकारण उत्तर.

तिथं लक्षणं दिसली तर विमान विसरा. लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवस विलगीकरण, आणि शेवटचे २४ तास औषधाशिवाय ताप नसला पाहिजे. यासाठी निघण्याआधी तीन गोष्टी लेखी ठेवा : मुक्काम वाढवायचा तर कुठं आणि कोणाला विचारायचं, विमानाचं तिकीट पुढं ढकलायचे नियम, आणि तुमचा आरोग्य विमा फ्लोरिडात कोणत्या रुग्णालयांत चालतो. तिसरी गोष्ट लोक ताप आल्यावर शोधायला बसतात.

खोलीत ठेवायचं सामान : थर्मामीटर, ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल (तिकडे टायलेनॉल, औषध तेच, दोन्ही एकदम घेऊ नका), ओआरएसची पाकिटं, दोन दिवस पुरेल असं कोरडं खाणं. ऑक्सिमीटर वापरताना बोट गरम हवं, हात स्थिर, आणि आकडा ठरेपर्यंत निदान अर्धा मिनिट थांबायचं. आकडा ९४ च्या खाली राहत असेल तर डॉक्टरांना लगेच फोन. धाप, छातीत सतत दाब, गोंधळल्यासारखं होणं, ओठ निळसर पडणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट ९११. आकडा चांगला आहे म्हणून थांबू नका.

एकट्याच्या बाबतीत अडचण अशी की आपण गोंधळलोय हे त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून घरच्या एका माणसाशी दिवसातून दोन वेळा ठरलेल्या वेळी बोलणं. उत्तर आलं नाही तर त्यानं हॉटेलच्या फ्रंट डेस्कला फोन करून खोली बघायला सांगायची. डेस्कचा नंबर आणि तुमचा खोली क्रमांक त्याच्याकडे पहिल्याच दिवशी पोचवा. फोनच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन संपर्क, औषधं आणि अॅलर्जी टाकून ठेवा, ते पासवर्डशिवाय दिसतं.

निवांतराव

काडेचिराईत, सुट्टीचा हिशेब डोक्यातच आला नव्हता. बघतो. 'राइज'चं राहिलं. शिवाय एका दिवशी हॉपर (एकाच दिवसात एकाहून जास्त पार्कांत जायची सोय) वापरून सकाळी एप्कॉट, दुपारी हॉलिवुड स्टुडिओज असा बेत होता. जमेल?

रांगशास्त्री

त्या बेतात 'राइज' हुकेल. नंबर दिवसातून दोनदा सुटतात, सकाळी ७ ला आणि दुपारी १ ला. सकाळचा कुठूनही, अगदी खोलीतून लावता येतो, पण त्या दिवशीचा पार्क पास हॉलिवुड स्टुडिओजचाच हवा. दुपारचा लावायला प्रत्यक्ष त्या पार्कात शिरलेलं असावं लागतं, आणि हॉपरनं दुसऱ्या पार्कात जाता येतं २ नंतर. म्हणजे पहिल्याला तुमचा पास नाही, दुसऱ्याला तुम्ही पोचत नाही. उलट करा : सकाळी स्टुडिओज, २ नंतर एप्कॉट. आधी बुक केलेल्या पार्कात एकदा तरी शिरल्याशिवाय हॉपर लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या.

चौघांच्या कुटुंबात चार फोनवर चार जण बोटं चालवतात, तुमच्याकडे एकच. आदल्या रात्री अॅप अपडेट करून लॉगिन तपासा. ६:५० ला व्हर्च्युअल क्यूचं पान उघडा, नाव आणि तिकीट जोडलेलं दिसतंय ना ते बघा. हॉटेलचं वायफाय त्या क्षणी सगळेच वापरत असतात, मोबाइल डेटा चांगला असेल तर वायफाय बंद करा. सेकंद दाखवणारं घड्याळ शेजारी ठेवा. ७ वाजायच्या क्षणी पान ताजं करा, बटण पेटलं की दाबा. नंबर काही सेकंदांत संपतात, त्यामुळे स्क्रीनवरचा मजकूर वाचत बसायला वेळ नसतो. मोठा नंबर आला तरी तो धरून ठेवा. राइड मध्येच बंद पडली तर वेळ पुढं सरकते, म्हणून एप्कॉटचं जेवण अगदी घट्ट वेळेला बांधू नका.

फोनवर तिकीट, जेवण, नंबर, रांगांचे आकडे सगळंच चालतं, बॅटरी दुपारीच बसते. १०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते. ती साधारण ३७ वॉट-तासांची होते, विमानातल्या १०० च्या मर्यादेत. फक्त हातातल्या सामानात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही.

अधलीमधली

जेवणाबद्दल थोडं. काउंटरच्या बहुतेक हॉटेलांत मागणी अॅपवरूनच द्यायची. ऑर्डर दिली म्हणजे स्वयंपाक सुरू झाला असं नाही. दाराशी पोचल्यावर "मी आलोय" हे बटण दाबलं की तयारी सुरू होते. अनेक ठिकाणी ऑर्डर तयार झाल्याचा निरोप दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे आधी टेबल धरून ठेवायचा प्रश्नच येत नाही. एकट्या माणसाला हे सोयीचंच.

एप्कॉटला जाताय तर फेस्टिव्हल ऑफ द आर्ट्स २२ फेब्रुवारीपर्यंत आहे. खाण्याचे ठेले तळ्याभोवती उघड्यावर. छोट्या बशा असतात, एका माणसाला तीन-चार चाखता येतात. बशी हातात घेऊन चालत खाऊ नका, लगेच टोकतात. कडेला उभं राहून संपवा, मास्क चढवा, मग पुढं.

आणि स्टुडिओजहून एप्कॉटला बसनं जाऊ नका, स्कायलायनर या रोपवेनं जा. पाळण्यात एका वेळी एकच कुटुंब घेतात, म्हणजे अख्खा पाळणा तुमचा. त्यात एसी नाही, झरोक्यांतून बाहेरची हवा येते. कॅरिबियन बीच या स्थानकावर उतरून लाइन बदलायची. वीज कडाडायला लागली की सेवा बंद ठेवतात, तेव्हा पावसाचा रंग दिसला तर अॅपवर आधी बघून घ्या. बंद असेल तर बोट आहे, पायवाटही आहे, साधारण अर्ध्या तासाची.