मदत हवी आहे: कोहामध्ये ‘ऱ्य’ असलेली शीर्षके सापडत नाहीत

कॉलेजच्या ग्रंथालयात कोहा (पुस्तकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे, इंडेक्सिंग म्हणजे शोधासाठीची सूची झेब्रा या त्याच्या शोधयंत्रावर. ८९१.४६ (मराठी साहित्याचा ड्यूई वर्गांक) मधल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणल्या आहेत. आता ‘दऱ्या’ शोधलं की जुन्या नोंदी येतच नाहीत. कारण सापडलंय: जुन्या नोंदींत र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) आणि य असा क्रम आहे, विद्यार्थी मोबाइलवरून टाइप करतात तो नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ. दिसायला दोन्ही अगदी सारखे! झेब्रात अक्षरं हाताळण्यासाठी सीएचआरऐवजी आयसीयू ही युनिकोडची पद्धत लावली, पूर्ण रीइंडेक्सही केलं (सूची नव्याने बनवली), फरक नाही.

मार्कएडिटने (नोंदी एकगठ्ठा बदलायचं सॉफ्टवेअर) २४५, २४६ या शीर्षकांच्या रकान्यांमध्ये सरसकट बदल करावा, की आयसीयूच्या फाइलमध्ये रूपांतराचा नियम घालावा? नियम शब्दतोडीच्या (मजकुराचे शब्द वेगळे करण्याच्या) आधीच लिहायचा ना? पुस्तक कपाटात असून विद्यार्थी रिकाम्या हाताने परततो, हे फार लागतं.