‘फिनेगन्स वेक’मधील ‘वेक’ला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न

‘फिनेगन्स वेक’ या विनोदी आयरिश गीताचा मराठी अनुवाद करताना मी शीर्षकापाशीच अडलो आहे. टिम फिनेगन हा विटा वाहणारा बिगारी शिडीवरून पडतो, त्याची कवटी फुटते, लोक त्याला मृत समजून घरी नेतात आणि रात्रभर त्याच्याभोवती खाणेपिणे, रडारड व अखेरीस मारामारी होते. त्या झटापटीत अंगावर व्हिस्की सांडताच तो उठून बसतो. आयर्लंडमध्ये दफनापूर्वी प्रेताजवळ रात्रभर बसण्याच्या या प्रथेला ‘वेक’ म्हणतात. ‘जागरण’ हा शब्द योग्य ठरेल का?

प्रतिसाद

‘जागरण’ म्हटले की मराठी वाचकाला प्रथम खंडोबाचे जागरण आठवते, आणि त्यामागोमाग गोंधळही आठवतो. फिनेगनच्या घरी गोंधळ होतो हे खरे असले, तरी तो त्या अर्थाचा नव्हे. शिवाय ‘वेक’ हे देवापुढचे व्रत नाही. प्रेताला एकटे सोडायचे नाही हा त्यातला मूळ भाव आहे आणि त्यासाठीच्या ‘फॅरा’ या आयरिश शब्दाचा अर्थही पहारा असाच आहे. इंग्रजीतील ‘वेक’ आणि ‘वॉच’ हे शब्दही एकाच मुळातून फुटलेले आहेत. रात्री पिकाची किंवा गावाची राखण करण्याला आपल्याकडे ‘जागल’ म्हणतात आणि ती करणारा तो ‘जागल्या’. म्हणून प्रथेचे नाव म्हणून मला ‘जागल’ अधिक जवळचा वाटतो. उच्चार ऐकून ‘वेक’ आणि ‘जाग’ ही भावंडे असावीत असे वाटण्याचा मोह होतो, पण त्यांचे धातू वेगवेगळे आहेत.

प्रश्नकर्त्याचा उपप्रश्न

‘जागल’ने पहारा साधतो, हे मान्य. परंतु शीर्षकातील श्लेष त्यात हरवतो. ‘वेक’ म्हणजे लोकांनी जागून काढलेली रात्र आणि ‘वेक’ म्हणजे फिनेगनचे स्वतःचे जागे होणे, अशा दोन्ही गोष्टी एकाच शब्दात हव्यात. तसेच या गीताला ‘लोकगीत’ म्हणणे कितपत बरोबर आहे?

प्रतिसाद

दुसऱ्या मुद्द्याबद्दल आधी लिहितो. हे गीत १८६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये छापले गेले. ते अमेरिकेतल्या रंगमंचीय करमणुकीत रुळलेले होते आणि त्या रंगमंचावर पिणारा, भांडखोर, गोड बोलीचा आयरिशमन हे ठरीव पात्र झाले होते. कर्ता म्हणून एकाहून अधिक नावे घेतली जातात. म्हणजे जन्म बाजारातला, परंतु पुढे ते लोकांच्या तोंडी इतके बसले की लोकगीतांतच जमा झाले. आपल्या कित्येक लावण्यांची गतही याहून वेगळी नाही. क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम यांनी ते १९५९ च्या मद्यगीतांच्या संग्रहात गायले, तर डब्लिनर्स या गायकवृंदाने १९६६ मध्ये आपल्या ध्वनिमुद्रिकेचे नावच ‘फिनेगन वेक्स’ ठेवले, म्हणजे नामाचे सरळ क्रियापद केले. बॉस्टनकडच्या ड्रॉपकिक मर्फीज यांनी १९९८ मध्ये ते पंक ढंगात, दामटून गायले. जेम्स जॉइस यांनी तर १९३९ च्या कादंबरीसाठी हेच शीर्षक घेताना त्यातले षष्ठी दाखवणारे चिन्ह गाळले. त्यामुळे ‘फिनेगनचा वेक’ आणि ‘अनेक फिनेगन जागे होतात’ असे दोन्ही अर्थ उभे राहिले.

आता श्लेषाकडे वळू. ‘रात्र जागवली’ आणि ‘निजलेल्याला जागवले’ या दोन्ही ठिकाणी मराठीत ‘जागवणे’ हेच क्रियापद चालते. त्याहून सोपा ‘जाग’ आहे. ‘त्यांच्या घरी अजून जाग आहे’ म्हणजे माणसे झोपलेली नाहीत, आणि ‘त्याला जाग आली’ म्हणजे झोप मोडली. म्हणून ‘फिनेगनच्या घरी जाग’ हे शीर्षक मी सुचवीन.

दुसरा प्रतिसाद

शीर्षक आवडले. मात्र गीताची खरी कळ व्हिस्कीत आहे, हे विसरता कामा नये. हा शब्द आयरिश-गेलिक ‘इश्के बाहा’ म्हणजे ‘जीवनाचे पाणी’ यावरून आला. त्यातील ‘इश्के’ हा आपल्या ‘उदक’ शब्दाचा आणि ‘बाहा’ हा ‘जीव’ शब्दाचा दूरचा नातलग आहे, हे ऐकून कोणालाही गंमत वाटेल. जीवनाचे पाणी शिंपडताच मेलेला उठतो, हा विनोद मूळ शब्दातच भरलेला आहे आणि ‘दारू’ असे भाषांतर केले की तो सांडून जातो. म्हणून व्हिस्की ‘व्हिस्की’च ठेवावी. फिनेगन रोज सकाळी जो घोट घेतो त्याला गीतात ‘क्रेदर’ म्हटले आहे, म्हणजे ‘क्रीचर’ या शब्दाचा आयरिश उच्चार. देवाने निर्मिलेली वस्तू असा त्यातला साळसूद भाव आपल्या थट्टेतल्या ‘तीर्था’त चपखल उतरतो. मारामारीला गीतात ‘शिलेलाचा कायदा’ म्हटले आहे. शिलेला हे विक्लो परगण्यातील गाव, आणि त्याच नावाने ओळखला जातो तो गाठाळ सोटा, तेव्हा ‘सोटेशाही’ पुरेसे होईल.

प्रश्नकर्त्याचा उपप्रश्न

मनःपूर्वक आभार. शेवटची ओळ तेवढी राहिली. उठून बसलेला फिनेगन आयरिशमध्ये ‘तुमचा आत्मा सैतानाला जावो’ अशी शिवी हासडतो आणि ‘मी मेलो असे वाटले काय?’ असे विचारतो. ‘मेल्यांनो, मी मेलो असे वाटले काय?’ असे करावे का?

प्रतिसाद

शब्दखेळ चांगला आहे, पण ‘मेल्या’ ही शिवी बहुधा बायकांच्या तोंडची असल्यामुळे बिगाऱ्याच्या तोंडी ती लटकी वाटेल. त्याऐवजी गावाकडची ‘तुमचा मुडदा बशिवला!’ ही शिवी घ्यावी, कारण ती देणारा मुडदाच या वेळी उठून बसलेला आहे.