चित्रं हलल्याचा 'भास' की 'भ्रम'?

मैत्रेयी_ना: शाळेतल्या मुलांसाठी सिनेमा कसा चालतो यावर एक फलक मराठीत करून देतेय. सेकंदाला २४ स्थिर चित्रं एकामागून एक दाखवली की आपल्याला हालचाल दिसते, एवढंच सांगायचंय. मी लिहिलं 'चित्रे हलत असल्याचा भ्रम होतो'. तपासणाऱ्या बाईंनी भ्रम खोडून 'भास' केलं आणि वर 'दृष्टिसातत्यामुळे' असं जोडलं. आमच्या घरी भास होणं म्हणजे रात्री विहिरीपाशी कोणीतरी उभं दिसणं, त्यामुळे मला ते फार खटकतंय. तुम्ही काय वापराल? आणि फ्रेमला चौकट म्हणू का?

जुनाकागद: भासच. भ्रमात माणूस फसतो, भासात फसतोच असं नाही. दोरीला साप समजून पळालात तर तो भ्रम, कंदील आणला की गेला. पडद्यावरचा घोडा खरा नाही हे पक्कं माहीत असून तो धावतानाच दिसतो, माहिती झाल्याने दिसायचा थांबत नाही. भास् धातूचा अर्थच मुळी प्रकाशणे, दिसणे. सिनेमाला याहून चपखल शब्द कुठला मिळणार?

सह्यकडा: मग आपण दृष्टिभ्रम का म्हणतो? दोन सारख्या रेघा लहानमोठ्या दिसतात तिथेही पट्टीने मोजून झाल्यावरसुद्धा तसंच दिसत राहतं, तरी शब्द भ्रमच रुळलाय. आणि भ्रम् म्हणजे गरगर फिरणं, भ्रमण, भोवळ, भोवरा सगळं त्याच घरातलं. १८३० च्या दशकात हलती चित्रं दाखवणारी जी पहिली खेळणी आली, फेनाकिस्टोस्कोप काय, झोइट्रोप काय, ती फिरवूनच बघायची होती, फटीतून. फिरवणं थांबलं की घोडा थांबला. मला तर भ्रम इथे दोन्ही अर्थांनी बसतो.

रीळवाला: आमचे मामा तंबू टॉकीजवर ऑपरेटर होते, जत्रेच्या हंगामात मी त्यांच्याबरोबर मशीनपाशी बसायचो, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो. लोकांना वाटतं पट्टी सरसर धावते, तसं नाही, ती प्रत्येक चित्रावर थांबते, सेकंदाला २४ वेळा थांबायचं आणि २४ वेळा सरकायचं, आणि सरकताना भिंगासमोर पंखा येऊन उजेड अडवतो म्हणून आपल्याला सरकणं दिसत नाही. शटर वगैरे कोणी म्हणत नसे, पंखाच. शिवाय चित्र थांबलेलं असतानाही पंख्याचं दुसरं पातं एकदा आडवं जातं, म्हणजे २४ चित्रं पण पडद्यावर उजेडाचे झपके ४८, नाहीतर डोळ्यांना लुकलुक सोसत नाही. पंखा वेळेवर बसला नाही की पांढऱ्या अक्षरांचा उजेड वरखाली ओघळायचा, त्याला मामा म्हणायचे चित्राला शेपूट फुटलं. चौकट हा शब्द मी तिथे कधी ऐकला नाही. पट्टी तुटून जोडली की म्हणायचे 'दोन चित्रं गेली'. भास नाही आणि भ्रमही नाही, 'चित्र जिवंत होतं' म्हणायचे.

वर्षा_ऋतू: रीळवाला, किती छान लिहिलंत! मैत्रेयी, भास-भ्रम काहीही ठेव पण दृष्टिसातत्य काढ गं. वस्तू गेल्यावर तिची प्रतिमा १/१६ सेकंद डोळ्यात राहते असं आपण शाळेत शिकलो, पण त्याने फार तर मधला अंधार का जाणवत नाही हे कळतं, हालचाल का दिसते ते नाही. नुसत्या प्रतिमा टिकून राहिल्या असत्या तर एकावर एक साचून घोड्याला वीस पाय दिसले असते! १९१२ साली मॅक्स वेर्थहाइमरने दोन रेघा आळीपाळीने दाखवल्या. मधे फार वेळ गेला तर एकीनंतर दुसरी दिसते, अगदीच कमी गेला तर दोन्ही एकदम, आणि मधलं अंतर नेमकं जमलं, साधारण ६० मिलिसेकंद, की एकच रेघ इकडून तिकडे गेल्यासारखी दिसते. हे जोडकाम मेंदूचं आहे.

जुनाकागद: वर्षाताई, दृष्टिसातत्य हा पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकात असलेला घडीव शब्द आहे. अर्थ अपुरा पडला तर वाढवा, शब्द कशाला काढता? असेच एकेक शब्द जातात. आणि ओघात सांगतो, सगळे चलचित्र लिहितात ते चूक, चलत् अधिक चित्र म्हणजे चलच्चित्र.

सह्यकडा: चूक कसं? 'चल' हे विशेषण आहेच की, चल आणि अचल. चल असं चित्र ते चलचित्र, सरळ समास. चलच्चित्र मुलांनी वाचायचं कसं? आधी जीभ अडखळेल, मग विज्ञान राहील बाजूला.

कल्याणकर: अवघड शब्दांना लोक घाबरतात असं नाही बरं. आमच्या कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ मध्ये काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले आणि मॅजिक लँटर्नला नाव दिलं शांबरिक खरोलिका. शंबर हा मायावी असुर, त्याची विद्या ती शांबरी. माझं मत विचाराल तर भास नको, भ्रम नको, 'माया' घ्या.

मैत्रेयी_ना: माया सातवीच्या मुलांना आईची वाटेल हो. 'हालचालीचा आभास' कसं वाटतं?

वर्षा_ऋतू: आभासी म्हटलं की हल्ली ऑनलाइन वर्ग आठवतात गं. मी असते तर नामच टाळलं असतं, 'चित्रे स्थिर असतात, पण आपल्याला ती हलताना दिसतात', झालं. खाली फाळक्यांचा वाटाणा घाल. राजा हरिश्चंद्रच्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीची रोज थोडी थोडी चित्रं घेतली होती, ती सलग दाखवल्यावर अंकुर पडद्यावर भराभर वाढला. तिथे भास म्हणायचं की भ्रम, जुनाकागद? झाड तर खरंच वाढलं होतं.

जुनाकागद: वाढ खरी, वेग भासमान. यावर सविस्तर लिहितो, पण चलच्चित्राचा मुद्दा सोडलेला नाही.

मैत्रेयी_ना: चौकटीचं राहिलंच. रीळवाल्यांचं 'चित्र' घेऊ का, 'सेकंदाला २४ चित्रे'?

माणदेशी: ते घ्या, पण तुम्ही सगळे 'हलताना' लिहिताय. आमच्याकडे पान आपोआप हालतं, आणि झाड आपण हलवतो. इथे तर चित्रं आपली आपण हालतायत ना?